घाटात कोणाची पिकअप जास्त ओढते? वाचकांचे प्रश्न

कडोलीहून भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जातो. टाटा योद्धा १०० हॉर्सपॉवरची, महिंद्राची बोलेरो मॅक्स एचडी ८० ची. मग योद्धाच घ्यावी ना? मित्र म्हणतो, घाटात बोलेरोच बरी.
— भाजी व्यापारी, कडोली

आधी आकडे बघू. योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. बोलेरो मॅक्स एचडीचं अडीच लिटरचं इंजिन ८० हॉर्सपॉवर आणि २२० न्यूटन-मीटर. कागदावर वीस हॉर्सपॉवरचा फरक दिसतो. पण योद्धाची ती १०० हॉर्सपॉवर मिळते ३७५० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३७५० फेरे घेतं तेव्हा. भरल्या गाडीत घाट चढताना तुम्ही इंजिन तितकं ओरडवता का? नाही. तुम्ही असता दीड-दोन हजारात.

तिथला हिशेब करा. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५५० ने भागलं की किलोवॉट मिळतात, त्यांना १.३४ ने गुणलं की हॉर्सपॉवर. १५०० आरपीएमला २५० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ५३ हॉर्सपॉवर, २२० म्हणजे ४६. वीसचा फरक सातवर आला. आता गरज किती ते बघा. गाडी आणि माल मिळून तीन टन, चढ पंधराला एक आणि वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर चाकांवर सुमारे २७ हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) वाया जाते ती धरून तीस-बत्तीस. म्हणजे दोन्ही गाड्या चढतात. योद्धा त्याच चढावर कदाचित एक गिअर वर राहील, एवढंच.

मित्राचं म्हणणंही खोटं नाही. चाकापर्यंत पोचणारी ओढ इंजिनच्या टॉर्कवर थांबत नाही. गिअरचं प्रमाण, डिफरन्शियलचं प्रमाण आणि टायरचा घेर यांनी ती ठरते. कमी टॉर्कची गाडी आखूड गिअरिंगमुळे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरतं अशा गिअरमुळे, जागेवरून जास्त जोरात उठू शकते, मग महामार्गावर मात्र तिचं इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल पितं. म्हणून शोरूममध्ये हॉर्सपॉवर विचारून गप्प बसू नका. जास्तीत जास्त टॉर्क किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत मिळतो ते विचारा. योद्धाच्या कागदावर तो १००० ते २५०० लिहिलेला असतो. घाटासाठी मला हा रुंद पट्टा १०० च्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघंही विसरलात. जांबोटी-कणकुंबीपर्यंत चढ-उतार आहेत, पण खरा चोर्ला तुम्ही भरल्या गाडीने *उतरता* आणि रिकामी गाडी वर आणता! तुमच्या धंद्याला ओढीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नाही, क्लच दाबून नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. गोव्याहून नारळ किंवा मासळी भरून वर येणार असाल, तर वरचा सगळा हिशेब कामाचा. नाहीतर जी गाडी जवळच्या मेस्त्रीला नीट समजते आणि जिचे पार्ट बेळगावात त्याच दिवशी मिळतात, ती घ्या.

उद्यमबागेतून कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) पोचवतो. अशोक लेलँडच्या बडा दोस्तचं इंजिन तीन सिलिंडरचं, टाटाच्या इंट्रा व्ही-५० चं चार. तीनचं इंजिन लवकर दमेल का?
— टेम्पोमालक, बेळगाव

सिलिंडर मोजून ताकद कळत नाही. दोन्ही इंजिनं दीड लिटरच्या आसपासची आणि दोन्ही ८० हॉर्सपॉवरची. टॉर्क बडा दोस्तचा १९०, इंट्राचा २२०. तीन सिलिंडरचं इंजिन बंद-चालू होताना आणि उभ्या गाडीत थोडं जास्त थरथरतं, पण आयुष्य ठरतं ते ऑइल वेळेवर बदलण्यावर. तुमचा प्रश्न वेगळा असायला हवा होता. कास्टिंग जागा कमी घेतं आणि वजन जास्त. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी मात्र पासिंगच्या, म्हणजे कागदावर मंजूर वजनाच्या, वर गेलेली असते. मग पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, क्लच प्लेट जाते आणि दोष इंजिनला मिळतो. ओव्हरलोडला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत. फाउंड्रीत वजनकाटा असतोच, त्याच्यावर एकदा गाडी चढवून बघा.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतली) पिकअप आहे. पावसाळ्यात ओढ गेली, डॅशबोर्डवर दिवा लागतो, मेस्त्री म्हणतो टर्बो बदला.
— वाचक, खानापूर

थांबा. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, सर्वांत शेवटी. आधी एअर फिल्टर उघडून बघा, खानापूरच्या पावसात तो ओला होऊन तुंबतो. मग डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडा. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज हाताने चाचपा. चीर असली तर चढावर हवेचा फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर पडतो. दिवा डीपीएफचा असेल, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, तर तुमच्या छोट्या फेऱ्या कारण असू शकतात. गाव ते बाजार, बाजार ते गाव, इंजिन तापायच्या आत बंद. महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग, आरपीएम थोडं चढं ठेवून चालवा, बहुतेक वेळा काजळी जळून जाते. तरी दिवा राहिला तर स्कॅनर लावणाऱ्याकडे जा. स्कॅनर न लावता टर्बो बदला म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जुना छोटा हत्ती (टाटा एस) कोकणात उतरला की पळतो, बेळगावला आला की मरगळतो. भास आहे का?
— वाचक, निपाणी

भास नाही. २००५ साली आलेल्या त्या गाडीचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन अवघं १६ हॉर्सपॉवरचं आणि बिनटर्बोचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. इतक्या उंचीवर हवा विरळ होऊन बिनटर्बो इंजिनाची ताकद सात-आठ टक्के घटते. सोळातून एक गेली की चालकाला ती जाणवणारच. टर्बोवाल्या नव्या गाड्यांना एवढ्या उंचीचं काही वाटत नाही.

मुलगा म्हणतो, शेतासाठी टोयोटाची हायलक्स घेऊया. ५०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे म्हणे.
— ऊस शेतकरी, चिक्कोडी

ऑटोमॅटिकमध्ये ५००, मॅन्युअलमध्ये ४२०. मुलगा खोटं बोलत नाही, पण शेतासाठी म्हणतोय तेवढंच मला पटत नाही. चिखलात तिचा फोर-व्हील ड्राइव्ह उपयोगी पडतो हे खरं. पण त्या पैशात मालाची पिकअप येते आणि वर भरपूर पैसे उरतात, शिवाय खत-बियाण्याची पोती पिकअपच जास्त नेते. हौस असेल तर हौस म्हणून घ्या, हरकत नाही.

पंपिंग (इंजिनात जाणारं डिझेल) वाढवून घेतलं तर ओढ वाढते का?
— चालक, संकेश्वर

वाढते. धूर, उष्णता आणि क्लचचा खर्चही वाढतो, आणि वॉरंटी संपते. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासून घ्या, त्यातच बऱ्याच वेळा हरवलेली ओढ सापडते.