माचाचं, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या भुकटीचं, आइस्क्रीम हापूससारखं मोसमातच खावं का? त्यासाठी जपानला मे महिन्यात जावं का?

मे अजिबात नको. हापूसचा हिशोब माचाला लावू नका. हेच मी आमच्या थोरल्या दिरांना सांगत होते, त्यांनी ऐकलं नाही, म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही तेव्हा क्योतोला राहत होतो. "नवा चहा निघतो, ताजा माल खाऊ" म्हणून भाऊजी आणि जाऊबाई मेच्या पहिल्या आठवड्यात आले. नेमका तिकडचा सलग सुट्ट्यांचा आठवडा. क्योतोजवळच्या उजी या चहाच्या गावात आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर दीड तास रांग. आजूबाजूचे मळे काळ्या आच्छादनाखाली झाकलेले, म्हणजे माचाची पानं अजून झाडावरच! तोडणीआधी तीनेक आठवडे ऊन अडवतात, त्यानेच पानात ती दाट, गोडसर चव टिकते. मी हे दाखवलं. भाऊजींनी मान हलवली, आइस्क्रीमचा पहिला घास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "कडू आहे. जुना माल खपवतायत." आपली भाषा तिथे कोणाला कळत नव्हती, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहो, जुनाच असतो तो! मेमध्ये खुडलेली पानं वाफवून, वाळवून बरणीत बंद करायची आणि नोव्हेंबरात बरणीचं तोंड उघडून दळायची, ही चहासमारंभाची जुनी रीत. तोवर हिरवट वास जातो, चव मुरते. आपल्याला मुरलेलं लोणचं कळतं, मग हे का कळू नये? दगडी जात्यातून तासाला जेमतेम 40 ग्रॅम भुकटी पडते. अशा मालाला कोणी "खपवतायत" म्हटलं की आजही जिवाला लागतं.

आणि कडूपणा हा दोष नाही. त्याच जुलैत मी एकटी परत उजीला गेले. उकाड्याने जीव नकोसा झालेला. पुढ्यात उजी-किंतोकी आलं: भुसभुशीत किसलेला बर्फ, वरून माचाचा पाक, तळाशी अझुकी या लाल कडधान्याचं पुरणासारखं गोड सारण, कडेला तांदळाच्या पिठाच्या लुसलुशीत, चिवट गोळ्या. पाक झिरपत खाली उतरत होता. पहिला घास नुसता कडू. मग चमचा तळापर्यंत घातला, अझुकी वर आली, आणि कडू-गोड एकत्र जिभेवर आलं. तो कडूपणा नसता तर नुसता साखरेचा बर्फ झाला असता.

तेव्हा जुलैत जा, उजी-किंतोकी खा. नुकताच दळलेला मुरलेला माचा हवा असेल तर नोव्हेंबर. साधं माचाचं आइस्क्रीम तिथे बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, त्यासाठी मोसम बघू नका. चेरीची फुलं बहरतात तेव्हा मिळणाऱ्या तिरंगी दांगोतला (काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) हिरवा गोळा माचा समजून घेऊ नका, तो बहुधा योमोगी नावाच्या पाल्याचा असतो.

हां, आता शीतगृहं आली, मेच्या नव्या पानांचा माचाही विकतात. हवा तर घ्या, पण आइस्क्रीमसाठी मी मुरलेलाच घेईन. आणि मुलं बरोबर असतील तर रात्री देऊ नका, शेवटी चहाच आहे तो. झोपणार नाहीत.