ट्रेंटनच्या सात खुर्च्या

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे राजधानी ट्रेंटनच्या सात खुर्च्यांपैकी एकीवर, न्यायमूर्ती व्हायचंय म्हणतेस. आधी पुण्याच्या आजीआजोबांना नीट सांग, नाहीतर ते दिल्लीच्या कोर्टाचे पेढे वाटायचे. भारतात तालुक्यापासून दिल्लीपर्यंत कोर्टांची एकच उतरंड आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी, आणि राज्याच्या कायद्यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्याच कोर्टाचा. नावावर मात्र जाऊ नकोस. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलीस की ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटले चालवणारं खालचं कोर्ट. तिथलं सर्वोच्च ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

खुर्चीवर कोण बसवतं हेही राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवावी लागते. कॅलिफोर्नियात गव्हर्नर नेमतो, पण पुढे ठेवायचं की काढायचं हे मतदार ठरवतात. 1986 मध्ये तिथल्या सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी असेच घरी गेले. तुझ्या न्यू जर्सीत मतपेटी नाही. गव्हर्नर नाव सुचवतो, राज्याचं सिनेट मंजुरी देतं. पहिली मुदत सात वर्षांची. फेरनेमणूक झाली तर सत्तरीपर्यंत चिंता नाही. मेख आहे ती या फेरनेमणुकीत. 1947 च्या राज्यघटनेपासून ती कुणाला नाकारली गेली नव्हती. 2010 मध्ये गव्हर्नर क्रिस्टी यांनी न्या. जॉन वॉलेस यांना ती दिली नाही.

सात जागांत एका पक्षाचे चारपेक्षा जास्त नकोत, हा संकेतही कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो. शिवाय उमेदवाराच्या काउंटीतला (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागातला) राज्य सिनेटर नाव अडवून धरू शकतो. रेचल वेनर ॲप्टर यांचं नाव 2021 मध्ये गेलं, मंजुरी मिळाली 2022 च्या ऑक्टोबरात. म्हणजे तू राहतेस कुठे, यालाही किंमत आहे.

पदवीची चार वर्षं, लॉ स्कूलची तीन, मग बारची परीक्षा, हे तुला ठाऊक आहे. न्यायमूर्तिपदासाठी न्यू जर्सीची सनद घेऊन किमान दहा वर्षं झालेली असावी लागतात. म्हणून पुढे न्यूयॉर्कच्या फर्ममध्ये गेलीस तरी इथली सनद सुरुवातीलाच घे. वर्षाची फी चुकली की नाव अपात्रांच्या यादीत जातं, आणि हे डाग पुढे चौकशीत निघतात. अशिलाच्या पैशाचं खातं वेगळं, तुझं वेगळं. 1979 च्या विल्सन निकालापासून या राज्यात अशिलाचे पैसे जाणूनबुजून वापरणाऱ्याची सनद जाते. ‘उद्या परत भरणार होते’ हा बचाव चालत नाही.

लॉ स्कूल संपल्यावर एक वर्ष न्यायाधीशाकडे क्लर्क, म्हणजे कायद्याची सहाय्यक, म्हणून काम कर. पगार फर्मच्या मानाने कमी असतो, तरी कर. या कोर्टापुढे अपिलासाठी परवानगी मागणारे अर्ज येतात आणि सातपैकी तीन न्यायमूर्तींनी होकार दिला तर अर्ज मंजूर होतो. या अर्जांवर न्यायमूर्तींसाठी टिपण लिहिताना नव्या क्लर्कची हमखास चूक म्हणजे खालचा निकाल बरोबर की चूक, हे ठरवण्यात पानं घालवणं. निकाल नुसता चुकला म्हणून हे कोर्ट प्रकरण हाती घेत नाही. प्रश्न सगळ्या राज्याला लागू आहे का? अपील कोर्टाच्या दोन बेंचनी त्यावर उलटसुलट निकाल दिलेत का? मुद्दा खाली वेळेवर मांडला होता का? शेवटचा प्रश्न विसरलीस तर महिनाभराने कळतं की मुद्दा चांगला होता, पण प्रकरण चुकीचं निवडलं.

या कोर्टाची खरी ताकद कशात आहे ते 1987 च्या नोव्हेंब्रिनो निकालात दिसतं. बेयॉनच्या एका पेट्रोलपंपाची पोलिसांनी वॉरंट घेऊन झडती घेतली, पण वॉरंटसाठी दिलेलं प्रतिज्ञापत्रच तोकडं होतं. केंद्राच्या, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.तल्या सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये म्हटलं होतं की पोलिसांनी वॉरंटवर प्रामाणिकपणे विसंबून काम केलं असेल तर पुरावा चालेल. ट्रेंटनने ते मानलं नाही. राज्याच्या घटनेतलं झडतीचं कलम आणि केंद्राच्या घटनेतली झडतीबद्दलचीच चौथी दुरुस्ती यांची भाषा जवळपास सारखीच, तरी अर्थ आपण आपला लावू, असं म्हणून पुरावा बाहेर ठेवला. वकील मात्र अजून कित्येकदा अर्जात केंद्राचंच कलम दाखवतात आणि राज्याचं तळटीपेत ढकलतात. मुद्दा हातचा जातो तो तिथेच.

खुर्चीनंतरचं आयुष्य आक्रसतं. राजकीय सभा नाही, उमेदवाराला देणगी नाही. एक अर्धवेळ म्युनिसिपल न्यायाधीश रात्री स्टँडअप कॉमेडी करायचे. 2013 मध्ये याच कोर्टाने त्यांना दोन्हीतलं एक निवडायला सांगितलं. त्यांनी विनोद निवडला. (मला त्यात नवल वाटलं नाही.)

आता काम. नोव्हेंब्रिनो निकाल विरोधी मतासकट वाच आणि दोन पानी टिपण पाठव. कोण जिंकलं ते लिहू नकोस. कोर्टाने हा प्रश्न हाती का घेतला, एवढंच लिही.

तुझी,
मावशी