उकळत्या पाण्याने डाग पक्का का बसला?

प्रश्न : एन्झाइम असलेली धुण्याची पावडर आम्ही मुद्दाम आणतो. मुलाच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा आणि सावजी रश्श्याचा असे दोन डाग पडले होते. पावडर टाकून वर उकळते पाणी ओतले आणि शर्ट तासभर भिजत ठेवला, तर रक्ताचा डाग तपकिरी होऊन पक्का बसला आणि रश्श्याचा पिवळा डाग लालसर झाला. पाणी जितके गरम तितके कपडे स्वच्छ, हे आईने शिकवलेले चुकीचे आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईने शिकवले ते साध्या साबणापुरते बरोबरच आहे, कारण तेलकटपणा गरम पाण्यात लवकर सुटतो. एन्झाइम, म्हणजेच विकर, हे मात्र प्रथिन असते आणि त्याचे सगळे काम त्याच्या विशिष्ट घडीवर अवलंबून असते. त्या घडीत एक खोबण असते. डागातला रेणू तिच्यात नेमका बसला, तरच त्याचे तुकडे होतात. गार पाणी तापून कोमट होत जाते तसतसे हे काम वेगाने होते, साधारणपणे दर 10 अंशांना जवळपास दुप्पट. पण एका मर्यादेपलीकडे घडीच उलगडते आणि अंड्याचा पांढरा बलक शिजल्यावर जसा पुन्हा पातळ होत नाही, तसे ते विकरही पुन्हा कामाला येत नाही. आपण पावडरीतले विकर बादलीतच शिजवले, आणि रक्तातली प्रथिनेही त्याच पाण्यात गोठून धाग्यांना चिकटली.

थंडीने असे होत नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. तो घरी पाहता येतो. भाताची पातळ पेज निववून तीन वाट्यांत घ्यावी. पहिलीत थोडी लाळ मिसळून वाटी कोमट जागी ठेवावी, दुसरीत आधी उकळून निववलेली लाळ मिसळावी आणि तिसरीत साधी लाळ मिसळून ती लगेच बर्फात ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकीतले थोडे थेंब बशीत घेऊन त्यांवर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. पहिलीचे थेंब पिवळसरच राहतात, कारण लाळेतल्या अमायलेज या विकराने पेजेतला स्टार्च तोडलेला असतो. उरलेल्या दोन्हींचे निळे-काळे होतात. मात्र बर्फातली वाटी बाहेर काढून कोमट ठेवली, तर थोड्या वेळाने तिचे थेंबही निळे होणे थांबते. उकळलेल्या लाळेची वाटी कितीही वेळ ठेवली तरी निळीच राहते.

म्हणून पावडरीच्या पाकिटावर जे तापमान दिले असेल, ते पाळावे. बहुतेक वेळा 40 अंशांच्या आसपासचे, हाताला सोसवेल इतके कोमट पाणी पुरते. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी आयतेच तेवढे गरम असते. जानेवारीत मात्र भिजवण्याचा वेळ वाढवावा. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात खळबळून मग पावडरीत घालावा. त्याच बादलीत ब्लीच टाकू नये, त्याने विकर निकामी होते.

रश्श्याच्या डागाचे कारण निराळे आहे. त्यातले तेल लायपेज नावाचे विकर आणि वाटणातली प्रथिने प्रोटिएज नावाचे विकर तोडते, पण हळदीचा रंग यांपैकी कशातच मोडत नाही, म्हणून तो विकराला दाद देत नाही. पावडरीचे पाणी अल्कधर्मी असते आणि त्यात हळद लाल होते, एवढेच घडले आहे. शर्ट स्वच्छ पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवावा. हळदीचा रंग उन्हाने विटतो आणि नागपूरला उन्हाची कमतरता नाही.

एक सूचना विचारली नसतानाही करतो, कारण यात कापडाचेच नुकसान होते. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिने आहेत. भंडाऱ्याकडची कोशाची साडी किंवा पैठणी प्रोटिएज असलेल्या पावडरीत भिजवली, तर विकराला डाग आणि धागा यांतला फरक कळत नाही.

प्रश्न : संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो, मग तासाभरात कडू का होतो?
— एक वाचक, काटोल

उत्तर : आपल्या संत्र्याच्या पाकळ्यांवरच्या पापुद्र्यांत एक बेचव द्रव्य असते. फळ अखंड असेपर्यंत ते रसातल्या आम्लापासून वेगळे राहते. रस काढताना पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्या द्रव्याचे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. आम्ल त्याला पुरेसे असते, पण फळातलेच एक विकर ही क्रिया जलद करते. फळ झाडावर पूर्ण पिकत जाते तसे ते बेचव द्रव्य कमी होते, त्यामुळे बहाराच्या सुरुवातीच्या फळांचा रस अधिक कडवटतो. बियांत तर लिमोनिन तयारच असते. म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फोडी फिरवू नयेत, हलक्या हाताने पिळावे. रस ठेवायचाच असेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे कडवटपणा यायला वेळ लागतो. पण सकाळी काढलेला रस संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यापेक्षा तेव्हाच ताजा काढावा.