बी.ए. सायकॉलॉजीसाठी नऊ लाखांचं कर्ज काढावं का?

बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, मुलगी सायकॉलॉजी म्हणतेय. त्यात पुढे काही मिळतं का? आणि त्यासाठी कर्ज काढणं बरोबर आहे का?" पालक हे एका दमात विचारतात, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि माझी उत्तरंही वेगळी असतात. एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, हिशेब मात्र तसाच ठेवलाय.

वडिलांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, आई शिवणकाम करणारी, धाकटा भाऊ नववीत. मुलीला एका खासगी विद्यापीठात बी.ए. सायकॉलॉजीला प्रवेश मिळाला होता. फी वर्षाला ३ लाख, वसतिगृहाचे पैसे वेगळे. वडिलांनी ९ लाखांच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी केलेली. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेल्यामुळे बँकेने तारण मागितलं होतं, म्हणून राहत्या घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते सोबतच घेऊन आले होते. पिशवी शेवटपर्यंत मांडीवरच होती.

आईची काळजी निराळीच. "दिवसभर लोकांची दुःखं ऐकून हिलाच काही झालं तर?" त्याचं उत्तर मी थोडक्यात दिलं: शिक्षणातच ते सांभाळायला शिकवतात, आणि पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. खरी अडचण तिथे नव्हतीच.

विद्यापीठाचं माहितीपत्रक मुलीकडे होतं. त्यात 'करिअरच्या संधी' या मथळ्याखाली बरीच मोठी यादी होती. मी तिला पेन दिलं आणि म्हटलं, "नुसत्या बी.ए.वर ज्या नोकरीला अर्ज करता येईल, तिच्याभोवती गोल कर. माहीत नसेल तिथे मोबाइलवर जाहिराती उघडून पात्रता बघ." तिला वीसेक मिनिटं लागली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गळाला, क्रीडा मानसशास्त्रज्ञ, न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ, प्राध्यापक, सगळे गळाले. गोल उरले ते एचआरमधल्या सुरुवातीच्या जागा, सामाजिक संस्थेतलं प्रकल्पाचं काम, शाळेत एखाद्या मुलासोबत बसणारी शॅडो टीचर, मजकूर लेखन आणि संशोधन प्रकल्पात माहिती गोळा करणं. माझ्याकडून पुढे गेलेल्या मुलामुलींना अशा कामांत पहिला पगार साधारण १५ ते २५ हजारांच्या मध्ये मिळालेला मी पाहिलाय. "म्हणजे यादीतलं सगळं एम.ए.नंतरचं आहे," मुलगी म्हणाली. माहितीपत्रकात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ही लबाडी मला नेहमीच खटकते.

मग कागद घेतला. व्याजदर सोयीसाठी १० टक्के धरला. वर्षाला ३ लाख असे तीन हप्ते, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. बऱ्याच पालकांना वाटतं की तोपर्यंत व्याज लागत नाही. लागतं. त्या काळात बँका बहुधा सरळ व्याज लावतात आणि परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवतात. पहिल्या ३ लाखांवर चार वर्षांचं १ लाख २० हजार, दुसऱ्यांवर तीन वर्षांचं ९० हजार, तिसऱ्यांवर दोन वर्षांचं ६० हजार. पहिला ईएमआय भरायच्या आधीच ९ लाखांचे ११ लाख ७० हजार झालेले. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे १५,४६० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर १२,५७० च्या आसपास, पण फेडायची एकूण रक्कम साडेबावीस लाखांच्या वर जाते.

वडिलांनी तो १५,४६० चा आकडा गोल केलेल्या नोकऱ्यांशेजारी स्वतःच लिहिला. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं: "पण ती एम.ए. करणारच आहे. मग पगारही एम.ए.चाच धरायला हवा ना?" बरोबर. पण एक वर्षाची सवलत संपते तेव्हा ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असेल. पुढच्या शिक्षणासाठी बँका मुदत वाढवून देतात किंवा वाढीव कर्ज देतात, मात्र ते आपोआप होत नाही, आधी लेखी विचारून ठेवावं लागतं. व्याज तर चढतच राहतं. घर आधीच तारण गेलेलं, वर एम.ए.ची फी, आणि तोवर धाकट्याची बारावीही झालेली.

कोणीतरी त्यांना आयकराच्या ८०ई कलमाचं सांगितलं होतं. ती करसवलत फक्त व्याजावर आहे, आठ वर्षांपर्यंतच आहे, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलतही आहे. पण संस्था सरकारच्या यादीत असावी लागते. हे विद्यापीठ यादीत नव्हतं. ती यादी बघायला पाच मिनिटं लागतात आणि प्रवेशाची रक्कम भरण्याआधी ती कोणी बघत नाही.

या विषयात पैसा आणि अधिकार दोन्ही पदव्युत्तर शिक्षणानंतर सुरू होतात. म्हणून माझं मत ठाम आहे: घराची कर्ज घेण्याची ताकद बी.ए.वर खर्च करू नये, एम.ए.साठी राखून ठेवावी. अनुदानित महाविद्यालयात हीच पदवी काही हजारांच्या फीत होते. पुढच्या प्रवेश परीक्षेत पदवी कुठून घेतली यापेक्षा संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती किती पक्की आहे याने फरक पडतो. सायकॉलॉजीत गणितापासून सुटका होईल अशा आशेने आलेली मुलं नेमकी इथेच अडतात, म्हणून हे मी मुलीला दोनदा सांगितलं.

तुलनेसाठी दुसरा हिशेब मांडला. एम.ए.ची दोन वर्षं, दरवर्षी २ लाख. एवढ्या रकमेला बँका सहसा तारण मागत नाहीत. त्याच पद्धतीने व्याज धरलं तर परतफेडीच्या वेळी ५ लाख होतात आणि सात वर्षांत फेडायचे म्हटले तर ईएमआय ८,३०० रुपये. तोही समुपदेशकाच्या जागेला अर्ज करता येईल अशा पात्रतेवर. एम.ए. झालं म्हणजे पगार मोठाच मिळतो असं नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ओढाताणीचीच असतात. पण ८,३०० ओढता येतात.

मुलीला क्लिनिकलकडे जायचं होतं, म्हणून तिथली वाटही बोललो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी आरसीआयमान्य अभ्यासक्रमच करावा लागतो. आजवर ही वाट एम.फिल.मधून जायची. त्या एम.फिल.च्या प्रवेशांना यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती, आणि आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणले आहेत. दुसरा बदल त्याहून जास्त लोकांना भोवणारा आहे. 'एम.ए. बाहेरून करू' हा स्वस्त मार्ग पूर्वी सगळेच सुचवायचे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे नवे प्रवेश बंद केले. म्हणजे एम.ए. प्रत्यक्ष वर्गात बसूनच करावं लागणार, आणि त्याचे पैसे आत्तापासून बाजूला काढावे लागणार.

मुलगी हिरमुसली होती. तिला त्या विद्यापीठाचा परिसर आवडला होता, मैत्रीण तिथेच जाणार होती. अठराव्या वर्षी हे कारण लहान नसतं, म्हणून मी ते उडवून लावलं नाही. तिला एवढंच सुचवलं की विद्यापीठात फोन करून तीन प्रश्न विचार: गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली, बहुतेकांचा पगार काय होता, आणि किती जण एम.ए.ला गेले. फोन माझ्यासमोरच लावला. पलीकडून सर्वात मोठ्या पॅकेजचा आकडा लगेच आला. तो कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्याचा, असं तिने विचारल्यावर कळलं की तो व्यवस्थापन शाखेचा होता. बाकीचं 'ईमेल करतो' म्हणाले.

आठवडाभराने वडिलांचा मेसेज आला. शेजारच्या शहरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. तिथे सायकॉलॉजी मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत घेता येतो याची खात्री मी त्यांना आधीच करायला सांगितली होती, कारण काही ठिकाणी तो फक्त दुय्यम विषय म्हणून असतो. वसतिगृहाऐवजी मावशीकडे राहायचं ठरलं. वडिलांनी तिच्या एम.ए.साठी महिना ४,००० ची आवर्ती ठेव सुरू केली.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला: नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यावं आणि एम.ए. एका वर्षात करावं, की तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचं एम.ए. करावं? तिला म्हटलं, तुला हव्या असलेल्या दोन-तीन विद्यापीठांचे प्रवेशाचे नियम आणि फी एका कागदावर मांडून आण, मग बसू. शनिवारी येतेय.