सांगून निघ

प्रिय पोरा,

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, घरी सांगितलंय की पुढचं पोस्टिंग पीसचं, शांत ठिकाणचं आहे, फील्डला, आघाडीवर चाललोय हे सांगून कशाला उगाच घोर लावायचा," आणि वर हेही, की मुलगी झोपेत असतानाच पहाटेच्या एसटीने निघणार. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो. धीर धर वगैरे मी तुला सांगणार नाही, तो तुझ्यात आहे, मी बघितलाय. एकच सांगतो, सांगून निघ.

माझे वडील १९७१ ला घरातून निघाले ते "बेळगावला सेंटरवर काम आहे, आठ दिवसांत येतो" म्हणून. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि ते आघाडीवर आहेत हे आईला कळलं चावडीवर रेडिओ ऐकायला जमलेल्या माणसांच्या बोलण्यातून. वडील सुखरूप परत आले, पण त्यानंतर ते साधे बाजाराला निघाले तरी आई त्यांची पिशवी उघडून बघायची, आत कपडे आहेत का म्हणून. म्हातारी झाली तरी बघायची. एका खोट्याने आयुष्यभराचा भरवसा गेला, आणि तू म्हणतोस घोर नको!

१९९९ ला मी सुट्टीवर असताना तार आली. कुठे पाठवणार ते मलाही माहीत नव्हतं, पण लढाईवर चाललोय हे मी बायकोला त्याच रात्री सांगितलं, बँकेचं पासबुक कुठे, विम्याचा कागद कुठे, मला काही झालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, सगळं. भाऊ भडकला, सासरे भडकले, निघताना असलं अभद्र कुणी बोलतं का म्हणाले, कित्येक वर्षं टोमणे ऐकले त्यावरून. ऐकले तर ऐकले. ती रात्रभर रडली, पण ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्त्यावर तिची जी पत्रं यायची त्यात खरं असायचं, पोराचा ताप, आईशी झालेली बोलाचाली, पैशाची ओढाताण. आमच्यातले जे घरी गोड बोलून आले होते त्यांना घरूनही सगळं गोडच यायचं, आणि मग ती पोरं बंकरमध्ये पत्र उलटंपालटं करत बसायची, नक्की काय लपवतायत घरचे. मी केलं ते बरोबरच केलं, आजही कुणासमोरही म्हणेन.

आता तू म्हणशील सिक्युरिटी. अरे, गुपित वेगळं आणि खोटं वेगळं. पोस्ट कुठली, युनिट कधी हलणार, हे बायकोलाही सांगायचं नाही आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर तर अजिबातच नाही. पण "फील्डला चाललोय, उंचावर, मधे बरेच दिवस फोन लागणार नाही, लागला नाही म्हणून घाबरायचं नाही," एवढं सांगायला कुणी अडवलंय? ९००० फुटांच्या वर गेलास की पहिले ६ दिवस शरीर सरावायलाच द्यावे लागतात, त्यातले पहिले दोन तर नुसती विश्रांती. पडून असताना डोकं खातं ते हेच, घरी काय बोलून आलो. म्हणून सांगून निघ.

आणि पोरीला उठव. तुझी झेलम एक्सप्रेस पुण्याहून सुटते संध्याकाळी, मग पहाटेच्या एसटीची घाई कुणासाठी? तिच्यासाठी नाही, तुला तिचं रडणं बघवत नाही म्हणून. रडू दे. तिच्या हाताने ट्रंकेला कुलूप लावून घे, चावी तुझ्या खिशात टाकू दे तिला, बाबा कामाला चाललाय आणि बरेच दिवस येणार नाही हे तुझ्या तोंडून ऐकू दे. झोपेतून उठून बाप नाहीसा झालेला बघितलं की पोरं रात्री झोपायलाच घाबरतात, युनिटमधल्या किती जणांच्या घरी बघितलंय मी हे.

कागदांचं आजच बघ. लग्नाची आणि मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली अधिकृत नोंद, निघालीय का? आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन अजून आईच्या नावावर असेल तर हेड क्लार्कला गाठून बदलून घे, आणि बदललंस हे आईलाही तूच सांग, बायकोच्या अंगावर ढकलू नकोस. पार्ट टू निघाली नसेल तर मला आज रात्रीच फोन कर, कितीही वाजले तरी चालेल.

तुझा,
काका