लाकडात घातली की चेनसॉ बसते

प्रश्न: काका, नमस्कार. मी ऐरोलीला राहतो. वडील सोसायट्यांमधल्या झाडांच्या छाटणीची कामं घेतात, आता मीही त्यांच्यासोबत असतो. आमच्याकडे ५२ सीसीची साधी, चायना बनावटीची पेट्रोल चेनसॉ आहे. चार पावसाळे झाले. लगेच सुरू होते, हवेत रेस दिली की जोरात ओरडते, पण लाकडात घातली की बसते. गुलमोहर कसाबसा कापते, चिंचेच्या नाहीतर जांभळाच्या फांदीत बंदच पडते. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला. मध्यंतरी १८ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, खराब झाला तेव्हा दुकानदाराने २२ इंची दिला, सोबत नवी चेन घातली. आता तो म्हणतो, ब्लॉक-पिस्टन गेलंय, साडेतीन हजार लागतील, त्यापेक्षा सात हजारांत नवीन घ्या. पावसाळ्याआधीची कामं तोंडावर आली आहेत. काय करू?

उत्तर: ब्लॉक-पिस्टन गेल्याचं दुकानदाराने कशावरून ठरवलं, ते तुझ्या पत्रात नाही. सायलेन्सर काढून पिस्टन दाखवलं असेल, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) मोजलं असेल, तर त्याचं म्हणणं ऐक. नुसती दोरी ओढून सांगितलं असेल तर सात हजारही काढू नकोस आणि साडेतीनही नको. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात ‘दम नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच चेनसॉंचं इंजिन ठणठणीत असतं. दोष चेनमध्ये असतो, बारमध्ये असतो, नाहीतर हवा-पेट्रोलच्या वाटेत. म्हणून बाहेरून आत जायचं, इंजिन सगळ्यात शेवटी.

सुरुवात त्या २२ इंची बारपासून. ५२ सीसीवर तो बसतो, दुकानांत तसा जोडून विकतातही. पण चिंचेसारख्या घट्ट लाकडात अख्खा बार बुडवला की इतके दात एकदम ओढायची ताकद त्या इंजिनात नसते. लहान फांदी कापतानाही लांब चेन खाचेतून फिरवायचा भार राहतोच, आणि टोकापर्यंत तेल पुरेलच असं नाही. दम बार बदलण्याआधी कमी झाला की नंतर, हे वडिलांना विचार. नंतर झाला असेल तर निम्मं उत्तर इथेच मिळालं. १६ किंवा १८ इंची बार परत घाल. नव्या चेनचा आणि स्प्रॉकेटचा (चेन फिरवणारं दातेरी चाक) पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, एकच आहे ना, तेही बघ. बारच्या मुळाशी तो कोरलेला असतो, बहुधा .३२५ किंवा ३/८. स्प्रॉकेटवर चेनने अर्धा मिलिमीटर खोल खाच पाडली असेल तर तो बदलून टाक, नाहीतर नवी चेनही लवकर झिजेल.

मग मशीन बंद करून, प्लगची कॅप काढून, चामड्याचे हातमोजे घालून, ब्रेक सोडून चेन हाताने ओढून बघ. ती सरसर फिरली पाहिजे. अडखळली तर ताण जास्त आहे, बारच्या कडा वळल्या आहेत, खाचेत भुशा-तेलाचा लगदा बसलाय, किंवा ब्रेकचा पट्टा ड्रमला घासतोय. पट्टा घासत असेल तर काम झाल्यावर क्लचचं झाकण चटका देतं आणि जळका वास येतो. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धर आणि रेस दे. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल चेनच्या टाकीत ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती कृपा करून बंद करा. त्यातला धातूचा कीस बार आणि पंप दोन्ही झिजवतो.

आता दात. चेन नवी आहे म्हणून ती धारदारच असेल असं धरून चालू नकोस. तुम्ही जी झाडं छाटता, त्यांच्या बुंध्यांत क्लासच्या पाट्यांचे खिळे असतात, दिवाळीच्या माळांच्या तारा सालीत रुतलेल्या असतात, सालीवर रस्त्याची धूळ बसलेली असते. एका खिळ्यावरून गेली की सकाळी घातलेली चेन दुपारी बोथट. भुसा हातात घेऊन बघ. धारदार चेन जाडसर कपच्या टाकते आणि स्वतःहून लाकडात उतरते. बोथट चेन पिठासारखी भुकटी टाकते आणि माणसाला वरून रेटावं लागतं. मग दात उन्हात, डोळ्याजवळ धर. धारदार कडेवर उजेड चमकत नाही. बोथट कडेवर पांढरी बारीक रेघ दिसते. ती रेघ जाईपर्यंत कानस मारायची.

.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या वर जी तिरकी खूण असते, त्या ३० अंशांच्या कोनात फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्याएवढे करायचे. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो आणि बार लाकडात आवळतो; लोकांना वाटतं इंजिन बसलं. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटकं टोक असतं, ते दाताहून साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवं. दात घासून घासून खाली येतो आणि ते टोक तसंच राहतं, मग धार असूनही चेन लाकूड उचलत नाही. ते चपट्या कानशीने, गेज लावूनच उतरव. अंदाजाने जास्त उतरवलंस तर चेन हिसके मारेल.

एवढं करूनही बसत असेल तर आत जा. पाच-दहा मिनिटं कापल्यावर दम जातो का? तसं असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण जरा सैल कर. लगेच पिकअप आला तर टाकीत हवा घेणारी वाट तुंबलीय, दुसरं काही नाही. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढ. काळा, कडक झाला असेल तर नवा घाल, रबरी नळीला चीर आहे का तेही तेव्हाच बघ. मग सायलेन्सर उघड. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, चार वर्षांत ती काजळीने बंद होते आणि धूर बाहेर जायलाच वाट राहत नाही. तारेच्या ब्रशने ती साफ केली की मशीनचा आवाज बदलतो.

पेट्रोल आणि तेलाच्या प्रमाणासाठी तुझ्या मशीनची पुस्तिकाच बघ. साध्या मशिनींना अनेकदा २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल सांगितलेलं असतं, चांगल्या कंपन्यांच्या मशिनींना ५०:१ म्हणजे २० मिली. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि बऱ्याच चेनसॉंच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत त्याला पाण्याची कमी नाही. कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, त्याने कडक होतो, मग भार आला की पेट्रोल कमी पडतं. काम संपल्यावर टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. मिसळलेलं पेट्रोल महिनाभर ठेवू नये. डायफ्राम बदलल्यावर कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जावं हे ठरवणारा) असा लाव की पूर्ण रेसला, हवेत, आवाज किंचित घरघरता असेल आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ होईल. तुझी मशीन हवेत जोरात ओरडते असं तू लिहितोस. तो आवाज पातळ, किंचाळणारा असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि अशीच चालवत राहिलास तर पिस्टन खरंच जाईल.

आता पिस्टनचं. सायलेन्सर काढलेलाच आहे, त्या भोकातून टॉर्च मार आणि दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली कर. बाजू गुळगुळीत असेल तर छान. उभे ओरखडे दिसले, रिंग जागेवर चिकटलेली दिसली, तर दुकानदार बरोबर. कॉम्प्रेशन गेज कोणत्याही टू-स्ट्रोक मेकॅनिककडे मिळेल: प्लगच्या जागी लावायचा, रेस पूर्ण दाबायची आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. १३०-१५० पीएसआय आला तर इंजिन चांगलं आहे. १००च्या खाली असेल तर त्या मशीनकडून चिंच कापायची अपेक्षा करू नये.

चांगलं निघालं तर नवीन घ्यायचं नाही. बार, चेन, फिल्टर, जाळी, डायफ्राम, एवढ्यात मे पार पडेल. पिस्टन गेलं असेल तर मी साडेतीन हजार घालणार नाही. नव्याची निम्मी किंमत त्यात जाते, आणि क्लच, ऑइल सील, तेलाचा पंप सगळं चार पावसाळे जुनंच राहतं. शिवाय पिस्टन कशामुळे गेलं हे शोधल्याशिवाय नवं बसवलं तर तेही त्याच वाटेने जाईल. पण मग तसलीच सात हजारांची परत आणू नकोस. तुमचं घर या मशीनवर चालतं. ज्या कंपनीचे सुटे भाग आणि दुरुस्ती ठाणे-नवी मुंबईत मिळते तिची ४०-४५ सीसीची, १६ इंची बारची घ्या. पैसे आत्ता नसतील तर हा हंगाम भाड्याच्या मशीनवर काढा.

आणि बसणारी मशीन रेटू नका. रेटताना बारचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं की ती उसळून तोंडावर येते. मागे मूठ असलेली ही मशीन झाडावर चढून एका हाताने चालवायची नाही. वडील तसं करत असतील तर वरच्या फांद्यांसाठी त्यांना चांगली हातकरवत घेऊन दे, आधी ती घे.

प्रश्न: घोडबंदर रोडवर आमची सोसायटी आहे. पावसात झाड पडलं तर वेळेला असावी म्हणून चेनसॉ विकत घेऊन वॉचमनकडे ठेवावी, असा ठराव येतोय. आपलं मत?

उत्तर: ताई, ठराव होऊ देऊ नका. पडलेल्या झाडाच्या फांद्या दबलेल्या, ताणलेल्या असतात. चुकीच्या बाजूने कापलं की सुटून येतात. अनुभवी माणसालाही ते काम अवघड जातं, वॉचमनवर ते टाकणं अन्यायाचं आहे. वर्षातून एकदा लागणारी मशीन पेट्रोल भरून पडली की ऐनवेळी सुरूही होत नाही. झाड पडलं तर ठाणे महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करा, विजेची तार अडकली असेल तर वीज बंद झाल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. आणि उभ्या झाडाला हात लावायचा तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. धोकादायक फांद्यांचे फोटो जोडून तो अर्ज मार्चमध्येच द्या, म्हणजे छाटणी जूनच्या आत होईल.