स्वस्त दगडावर वस्तऱ्याला धार लागते, पण दगड आधी सपाट करावा लागतो

आपण विचारले आहे की दीड-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या धार लावण्याच्या दगडावर स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि घरातला जुना वस्तरा यांना नीट धार येते का, की त्यासाठी महाग जपानी दगडच घ्यावा लागतो. हा वाद आमच्या घरात अनेक वर्षे चालू आहे, आणि ज्यांनी स्वस्त दगड कधी हातात धरलेला नाही तेच त्यावर सर्वांत ठामपणे बोलतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सुऱ्यांना धार येते, यात शंका नाही. वस्तऱ्यालाही येते, मात्र एकट्या दगडाने नव्हे.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये फिटर होतो, आणि यावल तालुक्यात आमची केळीची थोडी बाग आहे. फण्या वेगळ्या करणाऱ्याच्या हातातला विळा बोथट असेल तर देठ कापला न जाता चिरडला जातो, चीक जास्त गळतो आणि माल डागाळतो. त्यामुळे धार हा माझ्यासाठी छंदाचा विषय कधीच नव्हता. माझे थोरले साडू नाशिकला असतात आणि त्यांना मात्र सुऱ्यांचा छंद आहे. एका हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरिताची पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, आणि कांद्याची पात चिरण्याआधी मी सुरी आमच्या नेहमीच्या दोन बाजूंच्या दगडावर पाजवत होतो. साडू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “भाऊ, असल्या दगडावर विळे घासावेत. वस्तरा लावून दाखवा, मग मानू.” माझ्या वडिलांचा जर्मन पोलादाचा वस्तरा कपाटात होता. तो मी त्याच दगडावर लावायचे ठरवले.

स्वस्त दगड म्हणजे फसवणूक, हा समज आधी दूर करायला हवा. बाजारातला करडा-काळा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. हा पदार्थ अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत तयार केला आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. आपल्याकडेही तो कारखान्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनतो, म्हणून स्वस्त आहे. काठिण्याच्या मोह्स मापावर तो साडेनऊच्या आसपास बसतो, तर पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेले, पोलाद सातच्या आतबाहेर. म्हणजे वस्तऱ्याचे पोलाद कापण्याची ताकद या दगडात पुरेपूर आहे. त्याचे दोष दोनच आहेत: तो सपाट नसतो आणि त्याच्यातले कण एकसारखे चाळलेले नसतात. दोन्हींवर घरच्या घरी इलाज होतो.

मी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढली, जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा सँडपेपर, पसरला आणि भरपूर पाणी घालून दगड त्यावर घासला. थोड्या वेळाने उचलून पाहिले तर चारही कडांवरच्या रेघा गेलेल्या होत्या आणि मधोमध एक लांबट पट्टा तसाच्या तसा शिल्लक होता. नवा दगड, पण मधे खोलगट. सुरीला हे चालते, कारण सुरीचे पाते आपण हातानेच एका कोनात धरतो. वस्तरा मात्र पाठ आणि धार दोन्ही टेकवून दगडावर आडवा ठेवायचा असतो, त्याच्या पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, आणि दगड खोलगट असेल तर धारेचा काही भाग दगडाला लागतच नाही. लोक म्हणतात “स्वस्त दगडावर वस्तरा लागत नाही”, त्याचे मूळ नव्वद टक्के इथे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटची रेघ पुसेपर्यंत दगड घासला, त्याच्या चारही कडांचे कोपरे थोडे मारून घेतले, कारण दगडाच्या तीक्ष्ण कोपऱ्यावर वस्तऱ्याची कोर हमखास तुटते, आणि मगच पाते टेकवले.

पाठीवर इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावली म्हणजे पाठ झिजत नाही. मग धार पुढे ठेवून, जोर न देता, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने. अधूनमधून मी सराफ बाजारातून घेतलेल्या सोनाराच्या भिंगाने कोर पाहत होतो. एकसारख्या बारीक ओरखड्यांमध्ये एक खोल, एकटा ओरखडा दर वेळी त्याच ठिकाणी उमटत होता. दगड उजेडात तिरका धरला तेव्हा एक मोठा कण चमकताना दिसला. दगडाची ती बाजू पुन्हा वॉटर पेपरवर घासली, तो कण निघून गेला आणि ओरखडा थांबला. महाग दगडात आपण पैसे मोजतो ते या कणांच्या चाळणीचे. ते पैसे योग्यच आहेत, पण ज्याच्याकडे भिंग आणि सवड आहे त्याला ते वाचवता येतात.

पुढचे काम दगडाचे नाही. दगडाची बारीक बाजू कितीही घासली तरी दाढीला पुरत नाही. त्यासाठी मी काचेवर आणखी बारीक पेपर घेतला, जो गाडीच्या रंगकामाच्या दुकानात ३००० नंबरपर्यंत मिळतो (नंबर जितका मोठा तितके कण बारीक), आणि शेवटी लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर स्टील पॉलिशची हिरवी वडी घासून वस्तरा फिरवला. ती वडी क्रोमियम ऑक्साइडची असते आणि बफिंगवाल्यांकडे स्वस्तात मिळते. चामड्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडेही जाते आणि धारही. त्या वस्तऱ्याने मी साडूंच्या समोर बसून दाढी केली. ती गुळगुळीत झाली आणि आग झाली नाही. त्यावर ते म्हणाले, “हा तुमच्या हाताचा गुण आहे, दगडाचा नव्हे.”

हे विधान मला मान्य नाही, आणि आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने ते खोडून काढणे मला आवश्यक वाटते. हाताचा गुण म्हणून काही असेल तर तो दगड सपाट ठेवण्यात आहे, आणि तो कोणालाही एका दुपारी शिकता येतो. उलट जपानी पाण्याचे दगड बहुधा मऊ बांधणीचे असतात. त्यांचा वरचा थर सुटत जातो म्हणूनच ते भराभर कापतात, आणि त्याच कारणाने ते आमच्या दगडापेक्षा लवकर खोलगट होतात. म्हणजे महाग दगड घेणाऱ्याने तो जास्त वेळा सपाट करायला हवा. साडूंना मी अनेकदा सांगितले आहे की आपल्या दगडावर एकदा पेन्सिलीची जाळी काढून पाहा. त्यांनी अजून ती काढलेली नाही.

तापीच्या पात्रातले गुळगुळीत काळे दगडही मी घासून पाहिले आहेत, कारण जुनी माणसे त्यांच्यावर विळे पाजवत. आपला बेसाल्ट मऊ लोखंडाच्या विळ्याला हळूहळू का होईना लागतो, पण त्यातली खनिजे पाणी दिलेल्या पोलादाहून कठीण नसल्यामुळे वस्तऱ्यावर त्याचा उपयोग नाही. अकीक वेगळा आहे. सपाट करून घेतलेला अकीक धातू जवळजवळ काढत नाही, फक्त कोर चकचकीत करतो, आणि तो शेवटच्या हातासाठी चालतो. सुरीसाठी तर लोणच्याच्या बरणीच्या बुडाचे बिनझिलईचे कडेही तात्पुरते काम करते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या इथे सांगतो. पेपरवरचा नंबर आणि दगडावरचा नंबर एक नसतो. युरोपीय मापाचा, म्हणजे आकड्याआधी ‘पी’ असलेला २००० नंबरचा पेपर जपानी दगडांच्या मापात साधारण १२०० ला बसतो, त्यामुळे केवळ आकडा पाहून घाई करू नये, आणि हिरव्या वडीवर बराच वेळ द्यावा. हा वेळ द्यायची तयारी नसेल, तर सुऱ्यांचा दगड स्वस्त घ्या आणि वस्तऱ्यासाठी शेवटचा, ८००० नंबरच्या आसपासचा एकच चांगला दगड विकत घ्या. साडूंचे म्हणणे तेवढ्यापुरते मी मान्य करतो. फिरत्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे वस्तरा कधीही देऊ नका. चाकावर पाते तापते, कोरेवर आधी पिवळसर आणि तीनशे अंशांच्या जवळ निळा रंग चढतो, आणि निळा रंग दिसला म्हणजे तेवढ्या भागाचा टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरला. ती जागा घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. सलूनमध्ये आता अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे वापरतात ते रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे, तेव्हा आपला वस्तरा दुसऱ्या कोणाच्या गालाला लावू नका.

आपल्याकडचा दगड तेलाचा आहे की पाण्याचा हे आपण लिहिलेले नाही. एकदा तेल मुरलेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. नवा घेणार असाल तर दुकानातच त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच आत शिरला तर तो दगड वापरण्याआधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा लागेल, आणि थेंब वरच राहिला तर पाते फिरवताना वरून पाणी शिंपडत राहिले तरी पुरते.